संगणक ‘नाहीं’ म्हणतो, तेव्हां

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे, परंतु त्यापायीं पुष्कळांच्या संध्याकाळी खर्चीं पडतात. लिनक्स ह्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकापुढें बसून एखादी फाइल उघडावयास जावें, आणि पडद्यावर दोनच शब्द उमटावेत : ‘पर्मिशन डिनाइड’. परवानगी नाहीं. कां नाहीं, कोणास नाहीं, कशाची नाहीं, ह्याविषयीं यंत्र अवाक्षर काढीत नाहीं. मग मनुष्य चिडतो, कोणीं तरी सांगितलेला जालीम उपाय योजतो, आणि दार उघडण्याच्या नादांत वाड्याची भिंतच पाडून मोकळा होतो. हा नकार वाचावा कसा, आणि भिंत न पाडतां दार उघडावें कसें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ह्या विषयाला निमित्त झालें आहे तें हिंगोली जिल्ह्याचें. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा औंढ्याच्या नागनाथामुळें आणि नामदेवांच्या नर्सीमुळें महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच औंढा तालुक्यांत ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्याची योजना आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें भारत सरकारनें तिला तत्त्वतः मान्यता दिली, आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटि रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें अशाच दोन वेधशाळा आहेत. त्यांच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा तरंग प्रथम टिपला.

अशा वेधशाळेचें पीक म्हणजे आंकडे. ते साठवून त्यांचें गणित करणारे संगणकसमूह लिनक्सवर चालतात. पुण्याच्या आयुका ह्या संस्थेंतला ‘सारथी’ हा त्यांपैकींच एक होय. एका समूहावर अनेक संशोधकांचें काम एकाच वेळीं चालूं असतें. कोणाचें टिपण दुसऱ्याच्या हातून पुसलें गेलें, किंवा अपुरें गणित भलत्याच्या हातीं पडलें, तर वर्षांचा परिश्रम वायां जावयाचा. म्हणून आंकडे आधीं संशोधकमंडळापुरते राहतात आणि मग सर्वांस खुले होतात. २०१५ सालीं सुरू झालेल्या पहिल्या वेधसत्राची सामग्री २०१८ मध्यें जगास खुली झाली, आणि आज हिंगोलींतला कोणीही विद्यार्थी ती आपल्या यंत्रावर उतरवून घेऊं शकतो. आधीं स्वतः, मग आपली मंडळी, मग सर्व जग, हा जो क्रम येथें दिसतो, तोच लिनक्सच्या परवानगीच्या पद्धतींत जसाच्या तसा आहे.

ही पद्धति आली कोठून? एकेकाळीं संगणक इतका महाग असे, कीं एकाच यंत्राला अनेक टंकयंत्रें जोडून पुष्कळ माणसें त्यावर आळीपाळीनें काम करीत. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनीं ‘युनिक्स’ ही प्रणाली रचावयास घेतली, ती अशाच सामाईक वापरासाठीं पुढें वाढत गेली. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला, आणि परवानगीची जुनी रीत त्यांत आली. आपल्या घरीं संगणकावर एकटें माणूस बसत असलें, तरी यंत्र स्वतःला सामाईक बिऱ्हाडांचा वाडाच समजतें.

आतां ती रीत पाहूं. ‘एलएस’ ही आज्ञा द्यावी, एक जागा सोडावी, आणि आडवी रेघ काढून ‘एल’ हें अक्षर लिहावें. फायलींची यादी येते. प्रत्येक ओळीच्या आरंभीं दहा खुणा असतात. पहिली खूण वस्तु फाइल आहे कीं फोल्डर, एवढेंच सांगते. उरलेल्या नऊ खुणांचीं तीन त्रिकें करावींत. पहिलें त्रिक मालकाचें, दुसरें त्या वस्तूच्या गटाचें, तिसरें इतर सर्वांचें. प्रत्येक त्रिकांत ‘आर’ म्हणजे वाचण्याचा हक्क, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याचा, ‘एक्स’ म्हणजे चालविण्याचा. अक्षराऐवजीं रेघ असेल, तर तो हक्क नाहीं. हेच हक्क आंकड्यांनींही लिहितात : वाचण्यास ४, लिहिण्यास २, चालविण्यास १, आणि त्यांची बेरीज. म्हणून ६४० ह्याचा अर्थ मालकानें वाचावें व लिहावें, गटानें केवळ वाचावें, आणि इतरांनीं दूर राहावें. हे हक्क बदलण्याची आज्ञा सी, एच, एम, ओ, डी ह्या पांच अक्षरांची आहे. तिला ‘सीएच-मॉड’ म्हणतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यंत्र तिन्ही त्रिकें चाळून त्यांतला सोयीचा हक्क आपणांस देत नाहीं. मागणारा मालक असेल तर तें पहिलें त्रिक पाहतें आणि तेथेंच थांबतें. मालक नसून गटांतला असेल तर दुसरें. दोन्ही नसेल तर तिसरें. म्हणून मालकाच्या त्रिकांत तीन रेघा आणि इतरांच्या त्रिकांत ‘आर’ असेल, तर सारें जग ती फाइल वाचूं शकतें, मालकास मात्र नकार मिळतो. हें विचित्र वाटलें तरी नियमाला धरून आहे.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो फोल्डरच्या बाबतींत, कारण तेथें त्याच तीन अक्षरांचा अर्थ वेगळा होतो. जुना चौसोपी वाडा डोळ्यांपुढें आणावा. फोल्डरचा ‘आर’ म्हणजे आंत कोणकोणत्या वस्तु आहेत त्यांची यादी वाचण्याचा हक्क. ‘डब्ल्यू’ म्हणजे आंत नवी वस्तु ठेवण्याचा, असलेली काढण्याचा किंवा तिचें नांव बदलण्याचा हक्क. आणि ‘एक्स’ म्हणजे उंबरठा ओलांडून आंत जाण्याचा हक्क. माजघरांतल्या फडताळांतलें पुस्तक सर्वांस वाचावयास मोकळें असलें, तरी दिंडीदरवाजा बंद असल्यास त्याचा उपयोग काय? फाइलपर्यंत जातांना वाटेंत जितके फोल्डर लागतात, तितक्या सर्वांचा ‘एक्स’ आपल्या हातीं असावा लागतो. एक उंबरठा अडला, कीं सर्व अडलें.

ह्यांतूनच दुसरी नवलाची गोष्ट निघते. फाइल पुसून टाकण्याचा हक्क फाइलवर अवलंबून नसून तिच्या फोल्डरवर असतो. जिच्यांत एक अक्षरही बदलण्याची आपणांस मुभा नाहीं, ती फाइल आपण समूळ काढून टाकूं शकतों, जर त्या फोल्डरचे ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ आपल्यापाशीं असतील. सर्वांस मोकळ्या असलेल्या ‘टीएमपी’ ह्या तात्पुरत्या फोल्डरमध्यें असा गोंधळ माजूं नये म्हणून त्यावर एक विशेष खूण असते. तिच्यामुळें वस्तूचा मालक, त्या फोल्डरचा मालक आणि व्यवस्थापक ह्यांखेरीज कोणासही ती काढतां येत नाहीं.

औंढ्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करूं न देतां मागील बाजूस जावयास सांगितलें, तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें, असें भाविक सांगतात. यंत्राच्या दारीं असा प्रसाद मिळत नाहीं. परंतु तें कोणाचें कूळ किंवा वेषही पाहात नाहीं. नांवसुद्धां पाहात नाहीं. त्याच्या हिशेबीं प्रत्येक मनुष्य म्हणजे एक क्रमांक असतो. आजकालच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत यंत्रावरील पहिल्या माणसाला १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१, आणि ह्याप्रमाणें पुढें. जुन्या संगणकांतली तबकडी काढून नव्यांत बसविली, कीं स्वतःच्याच फायली परक्या होतात, त्याचें कारण हेंच. तबकडीवर नांव नसतें, क्रमांक असतो. आणि नव्या यंत्रावर तो क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर आपल्या पत्रव्यवहाराचा मालकही तोच ठरतो.

एवढें समजल्यावर नकाराचें निदान करणें कठीण नाहीं. वैद्य जसा आधीं नाडी पाहतो, तसे चार प्रश्न क्रमानें विचारावेत.

पहिला प्रश्न : मी कोण? ‘आयडी’ ही दोन अक्षरी आज्ञा दिली, म्हणजे आपला क्रमांक आणि आपण ज्या ज्या गटांत आहोंत ते सर्व गट दिसतात. येथें एक फसगत संभवते. व्यवस्थापकानें आपणांस आतांच एखाद्या गटांत घेतलें असलें, तरी चालूं बैठकींत तें लागूं होत नाहीं. एकदां बाहेर पडून पुन्हां लॉगिन करावें लागतें. पुष्कळ नकार एवढ्यानेंच मिटतात.

दुसरा प्रश्न : वस्तु कोणाची, आणि कोणत्या हक्कांची? त्याचें उत्तर वर सांगितलेली ‘एलएस’ देते. फोल्डरची स्वतःची ओळ पाहावयाची असेल, तर ‘एल’पुढें ‘डी’ हें अक्षर जोडावें. नाहीं तर आंतल्या वस्तूंची यादी येते आणि फोल्डरचे हक्क पाहावयाचे राहून जातात. नऊ खुणांच्या शेवटीं अधिकाचें चिन्ह दिसल्यास त्या वस्तूवर व्यक्तिवार हक्कांची वेगळी यादी आहे, असें समजावें. ‘गेट-एफएसीएल’ ही आज्ञा ती यादी वाचून दाखविते.

तिसरा प्रश्न : वाट मोकळी आहे काय? एन, ए, एम, ई, आय ह्या अक्षरांची एक आज्ञा आहे. तिच्यापुढें जागा सोडून रेघ व ‘एल’ लिहावें, आणि मग फाइलचा संपूर्ण मार्ग द्यावा. मुळापासून फाइलपर्यंतचा एकेक उंबरठा, त्याचा मालक आणि त्याचे हक्क ती ओळीनें मांडते. ज्या ओळींत आपल्या वाट्याचा ‘एक्स’ नाहीं, ती ओळ म्हणजे रोगाचें स्थान.

चौथा प्रश्न : हा नकार खरोखर परवानगीचाच आहे काय? त्यासाठीं यंत्राचे शब्द नीट वाचावेत. ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणजे बहुधा वरील हक्कांपैकीं एक कमी आहे. ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ म्हणजे हें कृत्य करण्याचा अधिकारच तुमच्याकडे नाहीं. जसें, दुसऱ्याच्या फाइलचे हक्क बदलूं पाहणें. हक्क बदलणें मालकाचें किंवा व्यवस्थापकाचें काम, आणि मालकी बदलणें तर केवळ व्यवस्थापकाचें. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे शब्द आले, तर ती सबंध तबकडीच केवळ वाचण्यापुरती जोडलेली आहे. तबकडींत बिघाड आढळल्यास यंत्र पुष्कळदां आपण होऊन तिला असें जोडतें; तेथें हक्कांशीं झटापट करण्यापेक्षां आधीं आपली सामग्री दुसरीकडे उतरवून घ्यावी. लहान पेन-ड्राइव्हची गोष्ट आणखी निराळी. तिच्यावर पुष्कळदां ‘फॅट’ जातीची मांडणी असते, आणि त्या मांडणींत मालक व हक्क लिहिण्यास जागाच नाहीं. तेथें ‘सीएच-मॉड’ कितीही वेळां केलें, तरी फळ नाहीं.

आतां एक उदाहरण कल्पूं. हिंगोलीच्या एखाद्या महाविद्यालयांत दोन विद्यार्थिनी एकाच संगणकावर आपापल्या नांवानें काम करीत आहेत. पहिलीनें लायगोची खुली सामग्री उतरवून स्वतःच्या घर-फोल्डरमध्यें ठेवली. फाइलचे हक्क ६४४, म्हणजे वाचणें सर्वांस मोकळें. तरी दुसरीस नकार मिळतो. पहिली म्हणते, ‘अग, मी तर सर्वांना दिली आहे.’ दुसरी म्हणते, ‘मग मला कां दिसत नाहीं?’ दोघीही खरें बोलत आहेत. तिसरा प्रश्न विचारतांच उलगडा होतो. उबुंटु ह्या प्रचलित लिनक्सनें २०२१ मधील २१.०४ ह्या आवृत्तीपासून नव्या घर-फोल्डरचे हक्क ७५० ठेवले आहेत. पूर्वीं ते ७५५ असत, म्हणजे कोणासही आंत डोकावतां येई. फाइल मोकळी आहे, दिंडीदरवाजा बंद आहे.

येथें घर उघडें टाकणें हा उपाय नव्हे, कारण घरांत पत्रें आणि पासवर्डही असतात. योग्य उपाय म्हणजे चावडीसारखी सामाईक जागा. व्यवस्थापकानें दोघींचा एक गट करावा, घरांबाहेर एक फोल्डर करून तो त्या गटाच्या नांवें लावावा, आणि त्याचे हक्क २७७० ठेवावेत. शेवटच्या तीन आंकड्यांनीं मालक व गट ह्यांस सर्व हक्क मिळतात आणि इतरांस कांहींच नाहीं. आरंभींच्या दोनामुळें त्या फोल्डरमध्यें जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. एरव्हीं ती निर्माण करणारीच्या स्वतःच्या गटाची झाली असती. शेवटीं ‘यूमास्क’ नांवाची मर्यादा पाहावी. नव्या फाइलवर कोणते हक्क गाळावयाचे, तें ती ठरविते. ती ०२२ असल्यास गटाचा लिहिण्याचा हक्क गळतो आणि मैत्रिणीच्या फाइलमध्यें दुरुस्ती करतां येत नाहीं. ००२ केल्यास तो राहतो. एवढ्या तीन गोष्टींनीं दोघींचें काम निर्वेध चालतें, आणि तिसऱ्या कोणास त्यांतलें अक्षरही दिसत नाहीं.

आतां त्या जालीम उपायांविषयीं सांगणें अवश्य आहे, कारण खरी हानि त्यांनींच होते. पहिला उपाय ‘सुडो’. ह्या आज्ञेनें सामान्य मनुष्य क्षणभर ‘रूट’, म्हणजे वाड्याचा सर्वाधिकारी होतो, आणि वर सांगितलेले हक्क रूटला सहसा अडवीत नाहींत. नकार मिळतांच पुढें ‘सुडो’ लावण्याची संवय जडली, कीं एखादा कार्यक्रम रूटच्या नांवानें चालतो आणि आपल्याच घरांत रूटच्या मालकीच्या फायली मागें ठेवून जातो. दुसऱ्या दिवशीं तोच कार्यक्रम साधेपणानें चालवावा, तर तो स्वतःची फाइल उघडूं शकत नाहीं. मग पुन्हां ‘सुडो’. आजार औषधानेंच वाढत जातो. अशा वेळीं त्या फायलींची मालकी सी, एच, ओ, डब्ल्यू, एन ह्या आज्ञेनें एकदां आपल्याकडे परत घ्यावी आणि तेथें थांबावें.

दुसरा उपाय ७७७, म्हणजे सर्वांस सर्व हक्क. तो फोल्डरच्या आंतल्या प्रत्येक वस्तूस एकदम लावणारी एक आज्ञा तोंडोतोंडीं पसरली आहे. ह्याचा धोका केवळ चोरीचा नाहीं. कामच बंद पडतें. दूरच्या संगणकांत प्रवेश देणारी खाजगी किल्ली इतरांस वाचतां येऊं लागली, तर ‘एसएसएच’ हा कार्यक्रम ती वापरण्याचेंच नाकारतो. तिचे हक्क ६०० हवेत. सबंध यंत्रावर ७७७ चालविलें, तर त्याहून वाईट. पासवर्ड बदलणें किंवा ‘सुडो’ चालविणें अशा मोजक्या कार्यक्रमांवर एक खूण असते, जिच्यामुळें कार्यक्रम चालविणाऱ्याच्या नव्हे तर त्याच्या मालकाच्या अधिकारानें चालतो. ही युक्ति डेनिस रिचींची. तिच्यासाठीं त्यांच्या नांवें १९७९ सालीं एकस्व नोंदलें गेलें. ७७७ हा आंकडा लावतांच त्या खुणा पुसल्या जातात. म्हणजे ज्या ‘सुडो’नें चूक निस्तरावयाची, तोच निकामी होतो. दार उघडतांना किल्लीच विहिरींत पडावी, तशी ही गत.

सारांश, परवानगी मागतांना आणि देतांनाही कमींत कमी मागावें व द्यावें. एका माणसास एक फाइल वाचावयाची असेल, तर तेवढाच हक्क शोधून तेवढाच द्यावा. अनेक फोल्डरांस एकदम हक्क द्यावयाचे असतील, तर ‘सीएच-मॉड’मध्यें लहान ‘एक्स’ऐवजीं मोठा ‘एक्स’ लिहावा. त्यानें फोल्डरांचे उंबरठे मोकळे होतात, पण साध्या फायली विनाकारण चालविण्याजोग्या होत नाहींत. बदल करण्यापूर्वीं जुने हक्क कागदावर टिपून ठेवावेत, म्हणजे उपाय चुकला तरी मागें फिरतां येतें.

पडद्यावरचे ते दोन शब्द आपणांस अडवितात, तसेच ते आपल्या अपरोक्ष दुसऱ्यासही अडवीत असतात. आपलीं पत्रें, मुलांचे अभ्यास, घरचा जमाखर्च सुरक्षित आहे तो त्या नकारामुळेंच. उद्यां औंढ्याच्या माळावरून विश्वाचे तरंग आंकड्यांत उतरूं लागले, तर त्यांचीही राखण असल्याच नऊ अक्षरांकडे असेल. म्हणून पुढच्या वेळीं नकार आला, तर चिडण्याआधीं ते चार प्रश्न विचारून पाहावेत. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.